बोल्ट बसले म्हणून इंजिन जुळत नाही

इंजिन बांधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक मत इतकं पक्कं बसलं आहे की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. मत असं: सिलिंडर हेड घ्यायचं तर परवडेल तितक्या मोठ्या पोर्टचं आणि मोठ्या व्हॉल्व्हचं घ्यावं, कॅमशाफ्ट घ्यायचा तर जास्तीत जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह किती उचलतो) आणि ड्यूरेशनचा (तो किती वेळ उघडा ठेवतो) घ्यावा, दोन्ही आपल्या ब्लॉकवर बसतात एवढं दुकानदाराला विचारावं आणि काम सुरू करावं. काही कमी-जास्त झालंच तर कार्बोरेटरचे जेट बदलून निभावतं, असंही वर सांगितलं जातं. मला हे मत मुळातच मान्य नाही. हेड आणि कॅम या दोन स्वतंत्र खरेद्या नाहीत. हेडातून हवा केव्हा आणि किती वेळ जाईल हे कॅम ठरवतो, त्या वेळात किती हवा आत शिरेल हे हेड ठरवतं, आणि दोघांनाही कॉम्प्रेशन, गियर आणि गाडीचं वजन यांच्या मर्यादेतच वागावं लागतं. एकाकडे पाठ फिरवून दुसऱ्याची निवड केली, की उत्तमोत्तम सुट्या भागांतून वाईट इंजिन तयार होतं.

वाद हवेत राहू नये म्हणून एकच इंजिन समोर ठेवतो: शेव्हर्लेचं ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक. एड कोल यांच्या देखरेखीखाली हे घराणं १९५५ साली २६५ घनइंचांपासून सुरू झालं आणि ३५० चं रूप १९६७ च्या कॅमॅरोत प्रथम आलं. अमेरिकेत हौशी लोकांनी या इंजिनाइतकं दुसरं कुठलं इंजिन क्वचितच बांधलं असेल. त्याचं कारण अदलाबदलीची सोय. साठच्या दशकातलं हेड ऐंशीच्या दशकातल्या ब्लॉकवर बसतं, नव्वदच्या दशकातलं हेड साठच्या दशकातल्या ब्लॉकवर बसतं. हेडाच्या बोल्टांची मांडणी बदललेली नाही. ही सोय मोठीच आहे, पण मी ज्या मताविरुद्ध लिहितो आहे ते मतही तिच्यातूनच जन्मलं. ‘बसतं’ आणि ‘चालतं’ यांतला फरक लोक विसरले.

उदाहरण घेऊ. १९९६ पासून जनरल मोटर्सच्या ट्रकांमध्ये आलेली व्होर्टेक हेड ही स्वस्तात मिळणाऱ्या लोखंडी हेडांपैकी फार चांगली. ६४ घनसेंटिमीटरचं चेंबर, १.९४ आणि १.५० इंचांचे व्हॉल्व्ह, जेमतेम १७० घनसेंटिमीटरचा इनटेक पोर्ट. दुसरीकडे कॉम्प कॅम्सचा एक्सई २६८ हा रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अतिशय लोकप्रिय कॅम: इनटेकला २६८ अंश, एक्झॉस्टला २८०, लिफ्ट ०.४७७ आणि ०.४८० इंच. दोन्ही चांगल्या वस्तू. दोन्ही ३५० ला बसतात. दोन्हींची शिफारस कुणीही करेल. आणि दोन्ही जशाच्या तशा एकत्र बसवल्या तर इंजिन खराब होतं.

कारण साधं आहे. व्होर्टेक हेडात व्हॉल्व्ह गाइडचा उंचवटा आणि त्यावरचं सील यांच्या वर स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या रिटेनरला उतरायला फार थोडी जागा असते. मूळ अवस्थेत ही हेड साधारण ०.४६० ते ०.४७० इंच लिफ्टच्या पुढे नेता येत नाहीत. ०.४७७ चा कॅम लावला की प्रत्येक फेऱ्यात रिटेनर सीलवर आपटतो. आधी सील चेचतं, मग गाइडमधून तेल खाली उतरून निळा धूर दिसतो. रिटेनरचे लॉक निसटले तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि त्या दिवशी पिस्टनही जातो, हेडही जातं. वर कुणी १.५ च्या जागी १.६ चे रॉकर लावले असतील, तर तोच कॅम व्हॉल्व्हला ०.५०९ इंच उचलतो. मूळ स्प्रिंगही एवढ्या लिफ्टसाठी बनवलेल्या नाहीत. उपाय आहेत: गाइडचे उंचवटे लेथवाल्याकडून घासून घेता येतात, लहान सील लावता येतात, वरून निमुळत्या होत गेलेल्या स्प्रिंग आणि त्यांचे छोटे रिटेनर मिळतात. पण हे सगळं हेड खोललेलं असताना करायचं असतं, इंजिन गाडीत चढवल्यावर नव्हे. आणि ते करायला हवं हे कळण्यासाठी हेड आणि कॅम यांचे आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिलेले असावे लागतात.

याच हेडांबरोबर आणखी काही बंधनं येतात. इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट जुन्या हेडांपेक्षा वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे जुना मॅनिफोल्ड चालत नाही. रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच सरळ राहणारे लागतात, आणि तसे रॉकर गाइड प्लेटबरोबर कधीच वापरायचे नसतात. ‘बसतं का’ एवढंच विचारणाऱ्याला यातलं काहीच कुणी सांगत नाही.

ही झाली धातूला धातू लागण्याची गोष्ट, आणि ती निदान डोळ्यांना दिसते. खरा घोटाळा न दिसणाऱ्या जागी होतो आणि मोठ्या कॅमचे समर्थक त्याबद्दल जवळजवळ कधीच बोलत नाहीत. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. तो बंद होईपर्यंत सिलिंडरमध्ये दाब चढत नाही. कमी फेऱ्यांवर तर आत आलेल्या मिश्रणातलं काही उलट मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं. ड्यूरेशन जितकं जास्त तितका व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. म्हणून पुस्तकात छापलेला कॉम्प्रेशन रेशो आणि इंजिनाला प्रत्यक्ष मिळणारं कॉम्प्रेशन या वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेब करून पाहा. ३५० चा बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.४८ इंच, कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ७१७ घनसेंटिमीटर. ६४ घनसेंटिमीटरचं चेंबर, हेड गॅस्केटची जाडी, पिस्टन आणि ब्लॉकचा माथा यांतली फट आणि पिस्टनवरचे व्हॉल्व्हचे खळगे मिळून ८४ धरले, तर कॉम्प्रेशन रेशो ९.५ येतो. आता २६८ अंशांचा कॅम १०६ च्या सेंटरलाइनवर बसवला, तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळ सोडून ६० अंश वर गेल्यावर बंद होतो. तिथून मोजलेलं कॉम्प्रेशन ७.९ भरतं. सामान्य पेट्रोलवर चालणाऱ्या लोखंडी हेडांच्या इंजिनाला हे छान मानवतं. त्याच इंजिनात त्याच सेंटरलाइनवर २९८ अंशांचा कॅम टाकला, तर व्हॉल्व्ह ७५ अंशांवर बंद होतो आणि तोच आकडा ७.० वर घसरतो. आणि हेड सत्तरच्या दशकातलं, ७६ घनसेंटिमीटर चेंबरचं असेल, तर मूळ कॉम्प्रेशनच ८.५ च्या आत जातं आणि २९८ च्या कॅमबरोबर हाती उरतं ६.२. अशी गाडी सिग्नलवरून निघताना अडखळते, चढावर गियर पाडायला लावते, पेट्रोल जास्त पिते. मालकाने मात्र ‘मोठा’ कॅम घेतलेला असतो, म्हणून तो दोष कार्बोरेटरला देतो आणि जेट बदलत बसतो. कुठल्याही जेटने ६.२ चे ७.९ होत नाहीत.

यावर समोरून उत्तर येतं की हा हिशेब नुसता भूमितीचा आहे. जास्त फेऱ्यांवर आत धावणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो आणि पिस्टन वर येत असतानाही ती सिलिंडर भरत राहते. हे उत्तर खरं आहे. त्यासाठीच तर शर्यतीचे कॅम उशिरा बंद होतात. पण ते मिनिटाला ५,५०० किंवा ६,००० फेऱ्यांच्या वर खरं आहे. रस्त्यावरची गाडी आपलं बहुतेक आयुष्य १,५०० ते ३,५०० फेऱ्यांत काढते. शिवाय उशिरा बंद होणाऱ्या कॅमला भरपाई म्हणून मुळातच जास्त कॉम्प्रेशन द्यावं लागतं, हे शेव्हर्लेने स्वतःच्या आकड्यांनी दाखवून दिलं आहे. १९७० च्या कॉर्व्हेटमधलं एलटी-१, म्हणजे ३५० चंच जोरकस रूप, ११ च्या कॉम्प्रेशनवर ३७० अश्वशक्ती देत होतं. १९७१ साली कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन ९ वर आणलं, कॅम तोच ठेवला, आणि जाहीर आकडा ३३० झाला. अश्वशक्ती मोजायची पद्धत दोन्ही वर्षी एकच होती. कॅम स्वतःच्या बळावर पॉवर देतो असं म्हणणाऱ्यांनी या ४० अश्वशक्तीचा हिशेब द्यावा.

आता पोर्टांकडे वळतो. ‘मोठा पोर्ट म्हणजे जास्त हवा’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. शेतात ठरलेलं पाणी रुंद पाटातून सोडलं की ते संथ होतं आणि वाटेत गाळ टाकत जातं. मोठ्या पोर्टातलं मिश्रण कमी फेऱ्यांवर हेच करतं, फक्त गाळाच्या जागी पेट्रोलचे थेंब असतात. हवेचा वेग पडला की पेट्रोल पोर्टाच्या भिंतींना चिकटतं, सिलिंडरला पातळ मिश्रण मिळतं, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन क्षणभर मरतं. कॅममध्ये ओव्हरलॅप जास्त असला, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट बराच वेळ एकत्र उघडे राहिले, तर जळलेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो, आणि संथ पोर्टात त्याला अडवायला जोरच नसतो. मोठा पोर्ट आणि मोठा कॅम या जोडीचे दोष अशा वेळी एकमेकांवर चढतात.

फोर्डचा अनुभव इथे फार बोलका आहे. ट्रान्स-ॲम शर्यतींसाठी १९६९ मध्ये आलेल्या बॉस ३०२ मध्ये इनटेक व्हॉल्व्ह २.२३ इंचांचा होता. ३०२ घनइंचांच्या इंजिनाला एवढा व्हॉल्व्ह! लगेच पुढच्या वर्षी, १९७० च्या बॉस ३०२ मध्ये, फोर्डने तो २.१९ केला. हेड बनवणारी कंपनीच एका वर्षात मागे सरली. फोर्डच्याच ३५१ क्लीव्हलँड इंजिनाची कथाही तशीच. त्याच्या चार-बॅरल हेडांचे अवाढव्य पोर्ट ७,००० फेऱ्यांच्या शर्यतीत अप्रतिम काम करत, रस्त्यावर मात्र खालचा जोर हरवून बसत. म्हणून अमेरिकेतले जाणकार ऑस्ट्रेलियात बनलेल्या ३०२ क्लीव्हलँडची लहान पोर्टची, लहान चेंबरची हेड मुद्दाम शोधून आणत. लहान हेड आणण्यासाठी अर्ध्या जगाचा प्रवास! मोठा पोर्ट वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. तो कुठल्या फेऱ्यांवर, कुठल्या कॅमबरोबर, किती घनइंचांसाठी, हे विचारल्याशिवाय तो चांगला की वाईट हे ठरतच नाही, एवढंच म्हणणं आहे.

इथे फ्लो बेंचचे, म्हणजे हेडातून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचे, कागद पुढे केले जातात. ‘या हेडातून ०.६०० इंच लिफ्टला इतके घनफूट हवा जाते, त्यातून तितकी. मग पहिलं चांगलं नाही का?’ तुमचा कॅम व्हॉल्व्हला ०.४५० इंचच उचलत असेल, तर ०.६०० चा आकडा तुमच्या काहीही कामाचा नाही. व्हॉल्व्ह सर्वांत वर एका फेऱ्यात एकदाच पोचतो, पण ०.२०० आणि ०.३०० वरून तो दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. रस्त्यावरच्या इंजिनाची गुणवत्ता या मधल्या लिफ्टांवर ठरते. शिवाय फ्लो बेंचवर हवा एका ठराविक दाबाने सतत वाहते. इंजिनात ती थांबून थांबून, धक्क्याधक्क्याने येते. व्होर्टेकचा व्हॉल्व्ह शेव्हर्लेच्याच जुन्या ‘डबल हंप’ हेडांतल्या २.०२ इंची व्हॉल्व्हपेक्षा लहान असूनही ती हेड सरस ठरली, ती पोर्ट आणि चेंबर यांच्या घडणीमुळे. बेंचच्या कागदातून खरोखर घेण्यासारखं एक आहे आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही: एक्झॉस्टचा प्रवाह इनटेकच्या किती टक्के आहे. तो पाऊण हिश्श्याच्या खाली असेल, तर एक्झॉस्टला जास्त ड्यूरेशन देणारा कॅम हवा. एक्झॉस्ट चांगला असेल तर तसा कॅम लावणं म्हणजे जोर फुकट घालवणं. एक्सई २६८ मध्ये एक्झॉस्टला जे १२ अंश जास्त आहेत, ते कुठल्या तरी हेडाची उणीव भरण्यासाठी आहेत. तुमच्या हेडात ती उणीव आहे का, हे कॅमच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

डायनोचे, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, आलेखही असेच वापरले जातात. मोठ्या कॅमने टोकाला ३० किंवा ४० अश्वशक्ती जास्त दिली, हे खरंच असतं. पण तो आलेख ३,००० फेऱ्यांपासून सुरू होतो आणि ६,५०० ला संपतो. त्या खालचा भाग, जिथे गाडी घरातून निघते, बाजारात जाते, घाट चढते, तो छापलेलाच नसतो. डायनोला दीड टन वजन ओढावं लागत नाही, ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा कन्व्हर्टर सांभाळावा लागत नाही. आणि डायनोवर ब्रेक नसतात. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. पॉवर ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. ओव्हरलॅप वाढवला की आयडलिंगला व्हॅक्यूम पडतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. ‘आवाज कसा दमदार येतो’ म्हणून रस्त्यावरच्या गाडीत असा कॅम घालणारा माणूस इतरांच्या जिवाशी खेळतो आहे. पॉवर ब्रेकच्या गाडीत बूस्टरचा विचार न करता असा कॅम सुचवणाऱ्यांनी याची जबाबदारी घ्यायला हवी.

जुळणीच्या आग्रहाविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. तो असा की, ‘जुळणी’ ही कंपन्यांनी विक्रीसाठी काढलेली युक्ती आहे. हेड, कॅम, मॅनिफोल्ड यांचा एकत्र संच दुप्पट किमतीला खपवायचा म्हणून त्या सुट्या भागांची भीती घालतात. जुन्या काळच्या लोकांनी भंगारातली हेड आणि हाती लागेल तो कॅम घेऊन शर्यती जिंकल्याच ना?

आक्षेपाचा पहिला भाग मला पटतो. संच घेतलाच पाहिजे असं मुळीच नाही, आणि कॅटलॉगमध्ये कॅमसमोर छापलेली फेऱ्यांची मर्यादा हा अंदाजच असतो. पण जुळणी तपासायला कंपनी लागतच नाही. हेडाच्या चेंबरमध्ये ब्युरेटने तेल ओतून आकारमान मोजायचं. डिग्री व्हील लावून कॅम खरोखर कुठे उघडतो आणि मिटतो ते पाहायचं. पिस्टनवर मऊ माती लावून इंजिन हाताने फिरवायचं आणि ती किती दबली ते मोजायचं. इनटेकला निदान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच अंतर उरलं पाहिजे. स्प्रिंग पूर्ण दबण्याआधी किती जागा राहते ते बघायचं. या कामाला काही तास लागतात आणि खर्च नव्या कॅमच्या मानाने नगण्य.

दुसरा भाग मात्र इतिहासाशी जुळत नाही. जुने लोक हाती आलं ते जोडत नव्हते. झोरा आर्कस-डंटोव्ह यांचं नाव शेव्हर्लेच्या कॅमशी कायमचं जोडलं गेलं, पण त्याआधी आपल्या भावाबरोबर त्यांनी फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ साठी आर्डन ही ओव्हरहेड व्हॉल्व्हची हेड तयार केली होती. हेड आणि कॅम ही त्यांच्या लेखी वेगवेगळी खाती नव्हती. १९५७ च्या कॉर्व्हेटमधल्या २८३ घनइंची इंजिनाने २८३ अश्वशक्ती दिली, त्यात डंटोव्ह कॅम होता, १०.५ चं कॉम्प्रेशन होतं, फ्युएल इंजेक्शन होतं आणि त्यांना पेलणारी हेड होती. त्यातला एकटा कॅम काढून दुसऱ्या कुठल्या इंजिनात टाकला असता, तर तो आकडा आला नसता.

‘आत्ता मोठी हेड घेऊन ठेवू, कॅम पुढे बदलू’ या सल्ल्याला तर मी उधळपट्टीच म्हणेन. मधली वर्षं गाडी खालच्या फेऱ्यांत मेलेली चालवायची, आणि पुढे कॅम बदलताना लिफ्टर, स्प्रिंग, कधी पिस्टनसुद्धा बदलायचे, आणि तरीही गियरबॉक्स जुनाच असतो.

हा वाद अमेरिकेपुरता आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटवर हेच प्रयोग चालतात. तिचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोकचं, कमी कॉम्प्रेशनचं, खालच्या फेऱ्यांवर ओढणारं हे इंजिन. त्यात इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे, स्वतंत्र गियरवर बसलेले. अशा इंजिनात जास्त ड्यूरेशनचा कॅम टाकून हेडाला आणि कॉम्प्रेशनला हात लावला नाही, तर जो खालचा जोर म्हणजे बुलेटची ओळख, तोच आधी जातो. मेस्त्री चांगला असला तरी हा हिशेब तो बदलू शकत नाही.

तेव्हा इंजिन बांधायला घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सुरुवात कॅमच्या कॅटलॉगपासून करू नका. गाडी कशासाठी चालवायची आहे, तिचं वजन किती, गियर कोणते, इंजिन कोणत्या फेऱ्यांत फिरणार आहे, हे आधी लिहून काढा. मग त्या फेऱ्यांना पुरेल आणि हवं ते कॉम्प्रेशन देईल असं हेड निवडा. त्या हेडाची लिफ्टची मर्यादा आणि एक्झॉस्टचा प्रवाह हातात आल्यावरच कॅम ठरवा. आणि विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: या हेडात रिटेनर सीलला लागेपर्यंत किती लिफ्ट चालते, आणि या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह किती अंशांवर बंद होतो. दोन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली नाहीत, तर त्या दुकानातून ना हेड घ्या, ना कॅम.